गोणी, गाठ आणि बॉयलर

१६७०च्या पावसाळ्यानंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने दुसऱ्यांदा सुरत मारली, दिंडोरीजवळ मोगलांशी झुंज दिली आणि पाठोपाठ थेट वऱ्हाडात मुसंडी मारून कारंजा गाठले. आजच्या वाशीम जिल्ह्यातले हे गाव तेव्हा सावकार-सराफांचे, श्रीमंत बाजारपेठेचे होते. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी या लुटीची किंमत सुमारे एक कोट रुपये दिली आहे. सोने, चांदी आणि उंची कापड मिळून झालेला हा माल चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला, असेही त्यांनी नोंदवले आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत हा आकडा एका ओळीत येतो आणि वाचणारा एक कोट रुपयांवरच थबकतो. वाहतुकीच्या बाजूने पाहिले तर खरा थबकण्याचा आकडा चार हजार हा आहे. बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. गाढवाला कमी लागते हे धरले, तरी या कारवानाला रोजच्या मुक्कामी लाखभर लिटर पाणी हवे. वैरण वेगळी. पाठीवरची ओझी रोज संध्याकाळी उतरवायची, पहाटे पुन्हा लादायची आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवायचे. मागावर शत्रू असताना शेकडो किलोमीटर हे सगळे सांभाळायला तलवारीइतकेच दुसरेही कसब लागत होते. वाट कोणती, पाणी कुठे, नदीला उतार कुठे आणि रात्रीचा तळ कुठे, हे आधीच ठरवून ठेवणारे कोणीतरी त्या फौजेत होते. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

वाशीमचा इतिहास वत्सगुल्म या त्याच्या जुन्या नावापासून सांगायची रीत आहे आणि ती योग्यही आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांना बहर आला. पण राजधानी असो, परगणा असो की जिल्हा, या भूमीचा एक प्रश्न दीड हजार वर्षे बदललेला नाही. जड वस्तू इथे आणायची कशी आणि इथून न्यायची कशी?

वऱ्हाडाचे जुने दोन भाग आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळ्याभोर जमिनीचा तो पायनघाट, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार ते बालाघाट. अकोला पायनघाटात, वाशीम बालाघाटावर. दोन्ही गावांत जेमतेम ऐंशी किलोमीटरचे अंतर, पण वाशीम अकोल्यापेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंचावर आहे. पातूर सोडले की चढ लागतो, मग मेडशी, मालेगाव, वाशीम आणि पुढे हिंगोली. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत आणि दख्खनेतून उत्तरेला या वाटेने जाणाऱ्या मालाला हा चढ चुकवता येत नव्हता. जोडीला काळी माती. पावसाचे चार महिने तिच्यात चाक रुतले की बैल गुडघे टेकत. त्यामुळे इथल्या वाहतुकीचा मोसम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा आणि मृगाआधी संपायचा.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर बंजाऱ्यांनी दिले.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरातल्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला तिथे लोटणारी गर्दी पाहणाऱ्याला एरवी हे लक्षात येणार नाही की रेल्वे येण्यापूर्वी देशाची अवजड वाहतूक या समाजाच्या बैलांच्या पाठीवरून चालत होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. तांदूळ, धान्य, मीठ घेऊन चाललेला असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, की प्रवाशाला दोन-तीन दिवस बाजूला थांबून राहावे लागे. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. दिवसाला सहा-सात मैल हीच त्यांची मजल, असे त्याने नोंदवले.

सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. ही संथ चाल आळसाची नव्हती, हिशेबाची होती. बैल चालता चालता वाटेकडेच्या रानात चरत गेला तर वैरण विकत घ्यावी लागत नाही आणि मालाची किंमत भाड्याने फुगत नाही. म्हणून तांडा उन्हाआधी निघे, दुपारपूर्वी तळ टाकी आणि बैल चरायला सोडी. गोण्या गोलाकार रचून त्यांचीच तटबंदी केली जाई आणि माणसे, पोरेबाळे आत राहत. पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी हे या धंद्याचे माप होते. बंजारे या धंद्याला लदेणी म्हणत.

लदेणीचा सूत्रधार म्हणजे तांड्याचा नायक. भाव करणे, माल ताब्यात घेणे, वाट निवडणे, वाटेतल्या पाटील-जहागीरदारांशी पाण्या-चाऱ्याचे बोलणे करणे, भांडणाचा निवाडा करणे आणि सैन्याची रसद वेळेवर पोचवणे हे सगळे एका माणसाकडे असे. वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी एन. एफ. कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिले, ते १८८२ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यात एक परंपरा नोंदलेली आहे. शाहजहानचा वजीर आसफ जाह दख्खनेत उतरला तेव्हा भंगी आणि झंगी हे दोन नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन त्याच्या रसदीला होते आणि त्यांना सोन्याच्या अक्षरांतला ताम्रपट मिळाला. बैलांच्या आकड्यात अतिशयोक्ती असेल. पण ताम्रपटात नायकांना काय मिळाले असे सांगतात, ते पाहण्यासारखे आहे. लोकांच्या घरच्या रांजणांतले पाणी आणि छपरांवरचे गवत घेण्याची त्यांना मुभा होती. जमीन नाही, पदवी नाही. पाणी आणि गवत. वाहतूक करणाऱ्याला बादशहाकडे मागण्यासारखे याहून मोलाचे काही नव्हते.

बैलाच्या पाठीची मर्यादाही होती. गोणीत भरता येते ते सगळे बैल नेतो, पण तोफ गोणीत भरता येत नाही. डिसेंबर १८०३ मध्ये हे वऱ्हाडात फार ठळकपणे दिसले. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. या मोहिमांत त्याच्या सैन्याचे धान्य बंजाऱ्यांच्याच बैलांवरून येत होते आणि तांडे वेळेवर पोचावेत याची चिंता त्याच्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येते. गाविलगडावर मात्र प्रश्न किल्ला फोडणाऱ्या जड तोफांचा होता. गडाची उत्तर बाजू त्यातल्या त्यात हल्ल्याला सोयीची, आणि तिथे पोचायला मेळघाटाच्या डोंगरांतून सुमारे तीस मैलांचा वळसा. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ डिसेंबरला निघून १२ डिसेंबरला गडाच्या उत्तरेचे लबाडा गाठले. वाट नव्हतीच. सैनिक पुढे होऊन वाट फोडत आणि मागून तोफा दोरखंडांनी, बहुतेक अंतर हातांनीच, दऱ्याखोऱ्यांतून ओढत आणत. १३ तारखेला मोर्चे धडाडू लागले, १५ तारखेला गड पडला आणि १७ तारखेला भोसल्यांशी देवगावचा तह झाला.

सहा दिवसांत तीस मैल. म्हणजे दिवसाला पाच मैल, बंजाऱ्यांच्या तांड्याच्या चालीपेक्षाही थोडे कमी. अवजड वाहतुकीचा एक नियम इथे उघड झाला. वस्तू तोडून लहान करता येत नसेल, तर रस्ता तिच्या मापाचा करावा लागतो.

पुढच्या शंभर वर्षांत वऱ्हाडचे सगळे अर्थकारण एका मालाभोवती फिरू लागले. तो म्हणजे कापूस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे आणि तिथून नावेने कलकत्त्याला. हैदराबादचे पारशी व्यापारी विकाजी आणि पेस्तनजी यांनी १८२५-२६ मध्ये तो मुंबईकडे वळवला. पहिल्या खेपेला १ लाख २० हजार पौंड कापूस सुमारे ५०० बैलांवरून गेला. बैलामागे २४० पौंड, म्हणजे साधारण एकशे नऊ किलो. सगळा मिळून चोपन्न टनांच्या आसपास. आजचे दोन मोठे ट्रेलर तेवढा माल एका रात्रीत वऱ्हाडातून मुंबईच्या दिशेने नेतात. तेव्हा त्यासाठी पाचशे बैल, त्यांची माणसे आणि सह्याद्रीचा घाट उतरायची हिंमत लागली.

कापूस जड नाही, फुगीर आहे. पोत्यात कितीही कोंबला तरी तो जागा जास्त घेतो आणि वाटेत पावसाचा शिडकावा झाला की खराब होतो. जहाजाचे भाडे जागेवर ठरते, म्हणून कापूस दाबून त्याची गाठ करण्याचे तंत्र आले. आधी हाताने फिरवायचे स्क्रू, मग वाफेवरचे प्रेस. पूर्ण दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर भरे. आज गाठीचे प्रमाण वजन १७० किलो धरतात, फार फरक नाही.

बंजाऱ्यांच्या लदेणीच्या मुळावर पहिला घाव या गाठीने घातला. बैलाच्या पाठीवर ओझे दोन सारख्या भागांत लटकवावे लागते. एकशेदहा किलोंचे ओझे पंचावन्न-पंचावन्नच्या दोन गोण्यांत बसते. पावणेदोनशे किलोची एक अखंड गाठ एका बाजूला लटकवता येत नाही, आणि दोन बाजूंना दोन गाठी म्हणजे साडेतीनशे किलो, ते बैलाला पेलत नाही. लदेणी रेल्वेने मोडली असे सर्रास म्हटले जाते. ते खरेच आहे, पण रेल्वेच्या आधी आणि रेल्वे जिथे पोचली नव्हती त्या गावांतही, प्रेसमधून निघालेल्या गाठीने पाठीवरचे ओझे कालबाह्य केले. गाठीला बंडी हवी होती, बंडीला रस्ता हवा होता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला छोटे फाटे गेले. हे सगळे पायनघाटात. बालाघाटावरचे वाशीम तेव्हा बासीम या नावाने स्वतंत्र जिल्हा होते. १९०५ मध्ये तो मोडून वाशीम अकोला जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाले. त्या पहिल्या जिल्हेपणाच्या काळात वाशीम शहराला रेल्वे नव्हती. गाठी आणि सरकी बंडीत घालून घाट उतरायच्या आणि अकोल्याच्या मालधक्क्यावर नेऊन टाकायच्या, हाच राजमार्ग.

वऱ्हाडी बंडीची बांधणी या कामासाठीच घडलेली आहे. बाभळीचा तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव लालबुंद करून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सारे लाकूड आवळून येते. कण्याला ओंगण नसेल तर चाक करकरत जाते आणि तुंबा झिजतो, म्हणून ओंगणाची नळी बंडीखाली लटकलेली असे. अशा बंडीवर चार-पाच गाठी बसत. वाशीमहून अकोल्याला चार-पाच मुक्काम. रात्री बैल झोपेत असल्यासारखे एकामागे एक चालत आणि पुढच्या बंडीचा धुरकरी जागा असला की मागच्यांना डुलकी घेता येई.

उतरणीला बंडी बैलांच्या अंगावर येते, म्हणून चाक बांधून ते घसरत न्यावे लागे. चढणीला एका जोडीने भागत नसे. धुरकरी आपसांत ठरवून दोन जोड्या एका बंडीला जुंपत, ती वर पोचवून जोड्या परत आणत आणि दुसरी बंडी चढवत. घाटातला मैलभर रस्ता अशा रीतीने दिवसभर पुरे. कोणाची बंडी आधी चढवायची यावरून वाद होत आणि ते तिथेच मिटवावे लागत, कारण पुढच्या घाटाला एकमेकांचीच जोडी लागणार असे.

कापूस घाट उतरत होता, तेव्हा उलट्या दिशेने दुसराच माल घाट चढत होता. कारंजा हे कापसाचे मोठे बाजारगाव झाले आणि वऱ्हाडातल्या इतर गावांसारखे तिथेही जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जिनिंगची यंत्रे सुटी करून आणता येतात. प्रेसचे खांब, सिलिंडर, पाट्या वेगवेगळ्या बंड्यांवर घालता येतात. बॉयलर मात्र तसा आणता येत नाही. वाफेचा दाब सोसणारी त्याची टाकी विलायतेत रिवेट ठोकून एकसंध तयार होते. लँकेशायर पद्धतीच्या बॉयलरचा व्यास दोन मीटरच्या वर, लांबी आठ-नऊ मीटरपर्यंत आणि वजन कित्येक टन. गाविलगडाच्या तोफेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, फक्त या वेळी तो ऐन बाजारपेठेत होता.

असा बॉयलर रेल्वेच्या धक्क्यावर उतरला की खलाशांचे काम सुरू होई. कप्पी, साखळदंड, पाचरी, जॅक आणि सागाचे रूळ ही त्यांची आयुधे. बॉयलर पाचरींवर थोडा उचलायचा, खाली रूळ सरकवायचे, पुढे ढकलायचा, मागून सुटलेला रूळ उचलून पुढे आणायचा. मजबूत गाड्यावर चढवून ओढायचा असेल तर बैलांच्या जोड्या एकामागे एक जुंपाव्या लागत आणि सगळ्या जोड्यांनी एकाच क्षणी खांदा द्यावा यासाठी एकच माणूस आवाज देई. दोघांनी हुकूम द्यायचे नाहीत, हा नियम अवजड कामात आजही पाळला जातो. वाटेतला नाला कोरडा असला पाहिजे, मोरीवर फळ्या-ओंडके टाकले पाहिजेत, गावातली वेस अरुंद असेल तर बाहेरून वळसा घेतला पाहिजे. कारंज्यासारख्या जुन्या तटबंदीच्या, दरवाजांच्या गावात हा शेवटचा प्रश्न किरकोळ नव्हता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कारंज्याला रेल्वे मिळाली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला असे दोन नॅरोगेज फाटे काढले. यवतमाळचा ११३ किलोमीटरचा फाटा कारंज्यावरून जात असे. हीच वऱ्हाडची शकुंतला. तिचे झेडी वर्गातले वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले, १९२३ पासून धावले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले. मग डिझेल इंजिन आले. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही शकुंतलेचा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. या कारणाने तिची बातमी वारंवार झाली, आणि गावाकडच्या माणसांनी गरिबांची गाडी म्हणून तिच्यावर जीव लावला.

मालवाहतुकीच्या अंगाने शकुंतलेची एक मोठी अडचण होती, ती म्हणजे तिच्या रुळांचे माप. शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटरवर आणि मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाचे १,६७६ मिलिमीटरवर. डबा एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. शकुंतलेचे इंजिनही मुंबईच्या बाजूने स्वतःच्या चाकांवर येऊ शकत नव्हते, मोठ्या गेजच्या वॅगनवर चढूनच त्याला मूर्तिजापूर गाठता येई. कारंज्याहून निघालेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला हमालांच्या हातून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची.

वाशीम शहराची कथा थोडी वेगळी आहे. हैदराबादच्या निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज फाटा पूर्णेहून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. वाशीम तिथून पन्नास किलोमीटरच्या आत, पण मधे निजामाची हद्द संपून ब्रिटिशांची सुरू होत होती. स्वातंत्र्यानंतर हद्द पुसली गेली तेव्हा कुठे हिंगोली-वाशीम-अकोला-खांडवा हा दुवा जोडला गेला. अजमेर-काचीगुडा अशी उत्तर-दक्षिण मीटरगेज वाट वाशीमवरून खुली झाली. पण तिचे रूळ १,००० मिलिमीटरवर. म्हणजे एकाच जिल्ह्याचा माल कारंज्याहून निघाला तर एका मापाच्या रुळांवर, वाशीमहून निघाला तर दुसऱ्या मापाच्या, आणि मुंबईला जायचे तर शेवटी तिसऱ्या. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि वाशीमला पहिल्यांदा देशाच्या मुख्य रुळांचे माप मिळाले. शकुंतला मात्र अरुंद रुळांवरच राहिली आणि गेल्या दशकात थांबली.

मापांच्या या गोंधळाचे ओझे अक्षरशः हमालांच्या पाठीने वाहिले. मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या धक्क्यांवर गाठ, पोते, पिंप जे काही उचलले गेले ते माणसांनी उचलले. या कष्टकऱ्यांना मजुरीची, कामाच्या नोंदीची आणि निवृत्तीनंतरच्या रकमेची कायदेशीर चौकट मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा तेव्हा झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होते.

बंजाऱ्यांचे काय झाले, तेही इथेच सांगायला हवे. रस्ते आणि रेल्वे येताच लदेणी बसली. भरीस भर म्हणून १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याची सरकारी रीत पाडली आणि अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवर तो शिक्का बसला. शतकानुशतके सैन्याचे धान्य विश्वासाने पोचवणाऱ्या माणसांना आपल्या हालचालींची हजेरी देण्याची वेळ आली, हा अन्याय फार मोठा आहे. हळूहळू तांडे यवतमाळ-वाशीमच्या डोंगरांत स्थिरावले, शेतीला लागले. पोहरादेवीपासून जवळच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

रस्त्यावरचा बदल मात्र थांबला नव्हता. लोखंडी धावेची जागा रबरी टायरने घेतली आणि डनलॉपची बंडी आली. तिच्यात बैलांना तेवढ्याच कष्टात दुप्पट माल ओढता येऊ लागला. मग ट्रक आले. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड ही जुनी घाटवाट आज राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. आणि ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्प्यासह समृद्धी महामार्ग सुरू झाला. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्यातले सुमारे ९७ किलोमीटर वाशीम जिल्ह्यात, कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातात. ज्या कारंज्याचा माल चार हजार जनावरांवर लादून निघाला होता, ते आता सहापदरी रस्त्यावर आहे.

रस्ता रुंद झाला तशी वस्तूही मोठी झाली. अकोल्याजवळ ७६५ किलोव्होल्टचे वीज उपकेंद्र आहे. तिरोडा आणि कोराडीकडून येणारी वीज तिथून पश्चिमेला जाते. अशा उपकेंद्रातले रोहित्र शंभर टनांच्या पुढचे असते. त्यातले तेल काढून घेतात, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरतात, आणि वाटेत किती धक्के बसले हे टिपणारे यंत्र त्याला बांधतात. मुक्कामी पोचल्यावर आधी त्या यंत्राची नोंद वाचली जाते, मग बाकीचे काम. वाहन म्हणजे हायड्रॉलिक ॲक्सलचा ट्रेलर. त्याचा प्रत्येक ॲक्सल स्वतंत्रपणे वरखाली होतो, म्हणून रस्ता खालीवर असला तरी वजन सगळ्या चाकांवर सारखे राहते. दोन्ही बाजूंचे ओझे सारखे ठेवणाऱ्या बंजाऱ्याचेच हे गणित आहे, फक्त आता ते तेलाच्या दाबाने सुटते.

पण ट्रेलर निघण्याच्या कितीतरी आधी वाटेची पाहणी करणारी माणसे निघालेली असतात. प्रत्येक पूल किती टनांचा, मोरी कधीची, वळणाला किती जागा, विजेची तार किती उंचीवर, टोलनाक्याची कोणती लेन रुंद, हे सगळे ते लिहून आणतात. मोटार वाहन नियमांत वाहनाची सर्वसाधारण रुंदी २.६ मीटर ठरलेली आहे. त्यापुढचा माल म्हणजे ओडीसी, त्याला वेगळी परवानगी. पुलासाठी बांधकाम खाते किंवा महामार्ग प्राधिकरण, तारांसाठी वीज कंपनी, वाहतुकीसाठी पोलीस, अशी कागदांची चवड गोळा होते. कमकुवत पुलाशेजारी नाल्याच्या पात्रातून तात्पुरती वाट बांधावी लागते, म्हणून अशी कामे शक्यतो पावसाळ्यानंतर काढतात. घाट आला की पुढे एक पुलर ओढतो आणि मागे दुसरा पुलर जोडतात. चढाला तो ढकलतो, उताराला धरून ठेवतो. तारांखालून जाताना मालावर बसलेला माणूस लाकडी काठीने तार अलगद उचलतो आणि पुढे पायलट गाडी लाल झेंडा लावून चाललेली असते.

हे काम किती संथ असू शकते याचे अलीकडचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातूनच निघाले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचे सत्तर टनांचे ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये ७४ चाकांच्या ट्रेलरवर महाराष्ट्रातून निघाले आणि जुलै २०२० मध्ये केरळात पोचले. वाटेत झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, विजेच्या तारा काढून पुन्हा ओढाव्या लागल्या, रस्ते दुरुस्त करावे लागले आणि टाळेबंदीत मुक्काम लांबला. सुमारे तीस माणसांची तुकडी वर्षभर त्या एका वस्तूबरोबर चालली. दिवसाची सरासरी मजल पीटर मंडीच्या चौदा हजार बैलांहूनही कमी पडली.

वेग वाढला की धोक्याचे रूपही बदलते. ३१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीच्या शहापूरजवळच्या कामात गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस जणांचा जीव गेला. प्रवाशाला दिसतो तो गुळगुळीत रस्ता. त्या रस्त्याचा प्रत्येक तुळई-गर्डर मात्र कोणीतरी ट्रेलरवर चढवून आणला, क्रेनने उचलला आणि जागेवर बसवला आहे.

या सगळ्या माणसांचे ज्ञान कुठे लिहिलेले आहे, याचा शोध घेतला तर हाती फार थोडे लागते. लढायांची बखर आहे, रेल्वे कंपन्यांचे अहवाल आहेत, कापसाच्या निर्यातीचे आकडे आहेत. घाटाला किती जोड्या जुंपायच्या, बॉयलर रुळांवरून कसा सरकवायचा, मूर्तिजापूरच्या धक्क्यावर एका पाळीत किती गाठी उलटायच्या, हे ठाऊक असलेल्यांनी ते तोंडीच पुढे दिले. डनलॉपच्या आधीची बंडी हाकलेले, मीटरगेजच्या वाशीमला मालाचे डबे भरलेले, शकुंतलेच्या कारंजा स्थानकावर गाठी चढवलेले लोक आज सत्तरी-ऐंशी पार केलेले आहेत. वाशीम आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे गेले, घाटाच्या जुन्या वाटा नकाशावर उतरवल्या, बंद पडलेल्या जिनिंगमधल्या बॉयलरांवरच्या विलायती पाट्या भंगारात जाण्याआधी टिपून ठेवल्या, तर पोहरादेवीच्या संग्रहालयातल्या लदेणीच्या कथेला पुढची दीडशे वर्षे जोडता येतील. माहिती देणारी माणसे अजून गावोगाव आहेत, आणि त्यांच्या घरी जायला आता पाच मुक्काम लागत नाहीत.